मोहनच्या घराण्याची वंशावळ कशी मांडावी

बारावीला आनुवंशिकता शिकवताना वाटाण्याच्या शेंगांपाशी मुलं पेंगायला लागतात. मग मी वाटाण्यांवर प्रयोग करणाऱ्या मेंडेलना जरा बाजूला बसवते आणि मोहन नावाच्या पांढऱ्या वाघाला वर्गात आणते. आमच्या गावात सिद्धार्थ उद्यानाचं प्राणिसंग्रहालय आहे, त्यामुळे पांढरा वाघ बहुतेकांनी लहानपणी आईचा हात धरून पाहिलेला असतो. तो पांढरा का, हे मात्र कोणी विचारलेलं नसतं.

घरी करून बघायचं असेल तर एक कोरा कागद घ्या आणि आडवा धरा. पेन्सिल हवी आणि खोडरबर तर हवंच. पेनने वंशावळ काढणारा माणूस मी अजून यशस्वी झालेला पाहिला नाही.

आधी रंगाचं उरकू. सुरुवातीची काही वर्षं मी पांढऱ्या वाघाला बिनदिक्कत 'अल्बिनो', म्हणजे अंगात रंगद्रव्यच नसलेला, म्हणत असे. एकदा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, मग पट्टे कुठून आले?" मी फळा पुसत बसले. तिचं बरोबर होतं. अंगात रंगद्रव्यच नसतं तर पट्टेही नसते. वाघाच्या केसात दोन रंगद्रव्यं असतात, एक काळं-तपकिरी आणि एक पिवळं-तांबूस. पांढऱ्या वाघात फक्त दुसरं बनायचं थांबतं. म्हणून पट्टे राहतात, पट्ट्यांमधली जागा पांढरी होते आणि डोळे निळे दिसतात. २०१३ मध्ये यामागचं जनुक सापडलं, एसएलसी४५ए२. त्यापासून बनणारं प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ, तिच्यात ४७७ क्रमांकाच्या जागी अॅलानीनऐवजी व्हॅलीन येतं. बदल एवढाच, एका मण्याचा.

हा बदल रिसेसिव्ह आहे, म्हणजे आईकडून एक आणि बापाकडून एक अशा बदललेल्या जनुकाच्या दोन प्रती आल्या तरच पिल्लू पांढरं होतं. मी फळ्यावर पुस्तकातल्या कॅपिटल-स्मॉल अक्षरांच्या भानगडीत पडत नाही. पिवळ्या प्रतीला 'पि' आणि पांढऱ्या प्रतीला 'पां' लिहिते. पांढरा वाघ नेहमी पां-पां. पिवळा वाघ पि-पि असेल किंवा पि-पां. नुसतं बघून ते कळत नाही, पिल्लांवरून कळतं.

आता कागदाच्या डावीकडे वरती मोहन लिहा. मे १९५१ मध्ये रीवाचे महाराज मार्तंडसिंह यांनी हा पांढरा बछडा पकडला आणि गोविंदगढच्या वाड्यात ठेवला. त्याच्या शेजारी बेगम लिहा, साधी पिवळी वाघीण. दोघांमध्ये आडवी रेघ काढा. या जोडीला तीन वेतांत मिळून १० पिल्लं झाली आणि सगळी पिवळी निघाली.

इथे पेन्सिल थांबवा. बेगम पि-पि होती की पि-पां? ती पि-पां असती तर प्रत्येक पिल्लू पांढरं होण्याची शक्यता निम्मी होती. दहाच्या दहा पिवळी निघायची शक्यता मग १०२४ मध्ये १. म्हणून बेगमपुढे बिनधास्त पि-पि लिहा. आणि दहाही पिल्लांपुढे पि-पां लिहा, कारण मोहनकडे द्यायला 'पां'शिवाय दुसरं काही नव्हतंच.

त्या दहांतली एक राधा. तिची जोडी तिच्या बापाशी, मोहनशीच लावली. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी तिला चार पिल्लं झाली, राजा, राणी, मोहिनी आणि सुकेशी. चारही पांढरी. हिशेबाने दोनच अपेक्षित होती. चारही पांढरी निघायची शक्यता १६ मध्ये १, म्हणजे महाराजांचं नशीब जोरावर होतं. रानातला पांढरा वाघ मारल्याची शेवटची नोंद १९५८ चीच आहे, हजारीबागकडची. कागदाच्या कोपऱ्यात तीही लिहून ठेवा.

आता गंमत बघा. राधा ही राजाची आई, आणि बाप एकच म्हणून सावत्र बहीणसुद्धा. नात्यांच्या नावांत मराठी श्रीमंत आहे, नणंद-जाऊ-विहीण सगळं आहे, पण इथे तीही हात टेकते. म्हणून नात्यांची नावं लिहायची नाहीत. रेघा काढायच्या, प्रत्येक पिल्लापासून आईकडे एक आणि बापाकडे एक.

रेघा झाल्या की रक्त किती जवळचं आहे ते मोजता येतं. पद्धत सोपी आहे. ज्या पिल्लाचं मोजायचं त्याच्या बापापासून निघा, रेघेने वर चढत एखाद्या सामाईक पूर्वजापर्यंत जा आणि तिथून खाली उतरत आईपर्यंत या. एका वाटेवर एकच जनावर दोनदा लागता कामा नये. वाटेवर किती जनावरं लागली ते मोजा, दोन्ही टोकं धरून. तितक्या वेळा १ चं निम्मं करत जा. अशा सगळ्या वाटांची बेरीज म्हणजे उत्तर. (सामाईक पूर्वज स्वतःच जवळच्या नात्यातून जन्मलेला असेल तर आणखी एक गुणाकार लागतो. आपल्या कागदावर ती वेळ येत नाही.)

राजासाठी करून बघा. मोहन स्वतःच इथे सामाईक पूर्वज, म्हणून वाट मोहन-राधा, दोनच जनावरं. निम्म्याचं निम्मं, २५ टक्के. आपल्याकडे काही घरांत मामाची मुलगी करतात, तिथे होणाऱ्या मुलाचा आकडा ६.२५ टक्के येतो. यावरून अंदाज घ्या.

पुढे राजा आणि राणी दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात गेले आणि तिथे या सख्ख्या भावंडांना पिल्लं झाली. त्यांचा आकडा काढायला सांगितला की अर्धा वर्ग हमखास २५ म्हणतो. मुलं राजा-मोहन-राणी ही वाट मोजतात, राजा-राधा-राणी ही मोजतात, प्रत्येकी एक अष्टमांश, आणि पेन खाली ठेवतात. राधा मोहनची मुलगी आहे हे विसरतात. राजा-राधा-मोहन-राणी ही तिसरी वाट आहे आणि राजा-मोहन-राधा-राणी ही चौथी. या दोन्हींवर चार-चार जनावरं, म्हणून प्रत्येकी एक सोळांश. सगळं मिळून १६ पैकी ६, म्हणजे ३७.५ टक्के. त्या पिल्लांच्या दर आठ जनुकजोड्यांतल्या सरासरी तीन जोड्यांत दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीवरून उतरलेल्या. मोहनच्या किंवा राधाच्या अंगात जे काही दुबळं दडून बसलं असेल, त्याला बाहेर पडायला याहून मोठं दार नको.

इथे एक घोळ बऱ्याच लेखांत होतो, तो तुम्ही करू नका. पांढऱ्या वाघांत तिरळेपणा आढळतो आणि लोक त्याचं खापर सरसकट नात्यातल्या जोड्यांवर फोडतात. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांतल्या काही तंतूंनी चुकीच्या बाजूला वळणं, हे रंगद्रव्य कमी असण्याशी बांधलेलं आहे. सयामी मांजरांतही तेच दिसतं. म्हणजे नात्यात नसलेल्या जोडीला पांढरं पिल्लू झालं तरी हा धोका राहतोच. बाकीचा दुबळेपणा हा नात्याचा हिशेब. दोन वेगळ्या वह्या आहेत, एकीतलं दुसरीत लिहू नका.

मग बाहेरचं रक्त आणायचं नाही का? आणून बघा कागदावर. राजाच्या घराण्यातला पांढरा वाघ आणि कुठलीही नात्याबाहेरची पि-पि वाघीण घ्या. वाटांची बेरीज शून्य, पिल्लं तब्येतीला बरी, आणि सगळी पिवळी. पांढरं हवं तर त्यांना पुन्हा 'पां' असलेल्याशी जोडावं लागतं, आणि तो 'पां' फिरून मोहनच्याच घरचा निघतो. ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात १९८० मध्ये दीपक आणि गंगा या पिवळ्या जोडीला पांढरी पिल्लं झाली. त्यांचं मोहनशी नातं नव्हतं, तेव्हा कागदावर त्यांच्यासाठी वेगळी वंशावळ काढा. पण ती जोडीही बाप-लेकीचीच होती. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ मध्ये आपल्या सदस्यांना अशी पैदास बंद करायला सांगितली. माझ्या मते उशीरच झाला, हा कागद १९५८ लाही काढता आला असता.

एक गणित तुमच्यासाठी ठेवते. मोहिनी १९६० मध्ये वॉशिंग्टनला गेली. तिथे तिची जोडी सॅम्सनशी लावली. सॅम्सन हा मोहन आणि बेगमचा मुलगा, म्हणजे राधाचा सख्खा भाऊ. मोहिनीचा मामा आणि सावत्र भाऊ, दोन्ही. त्यांच्या पिल्लांचा आकडा काढा. तीन वाटा सापडल्या पाहिजेत आणि उत्तर २५ टक्के आलं पाहिजे. पावणेएकोणीस आलं असेल तर बेगमकडून जाणारी वाट राहिली.