मूल ताब्यात आल्यावर: बाल संरक्षण अधिकाऱ्याची पहिली कामं

मूल सापडल्याचा फोन आला की आधी वेळ लिहा. फोन किती वाजता आला आणि मूल कुणाच्या ताब्यात किती वाजता आलं, या दोन नोंदी वेगळ्या हव्यात. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ३१ नुसार मुलाला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर (काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी समिती) हजर करायचं असतं. त्यातून वजा होतो तो फक्त प्रवासाचा वेळ. एफआयआर लिहिण्यात गेलेले तास किंवा मध्ये आलेला रविवार वजा होत नाही. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यासमोर हजर करून मुलाला तात्पुरतं बालगृहात ठेवता येतं. अंतिम निर्णयाच्या वेळी मात्र किमान तीन सदस्य हजर लागतात. एकाच सहीचा अंतिम आदेश हातात पडला तर अंमलबजावणीआधी समितीच्या लक्षात आणून द्या.

पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, प्रकरणात घड्याळ आणखी कडक. माहिती मिळाल्यापासून २४ तासांत पोलिसांनी समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. समितीला मिळालेल्या पत्राची पोच मागून घ्या, कारण ‘तोंडी सांगितलं होतं’ या वाक्याला फाईलमध्ये किंमत नाही. सगळ्यात मोठी चूक इथे होते: आरोपी त्याच घरात राहतो आणि आई आली म्हणून मूल तिच्यासोबत परत पाठवलं जातं. संशयित एकाच छताखाली असेल तर पोक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे मुलाला २४ तासांत समितीसमोर न्यावंच लागतं, कारणं लेखी देऊन. मुलाला त्या घरातून बाहेर काढायचं की नाही, हे समिती तीन दिवसांत ठरवते. त्या घरात राहणारी प्रत्येक व्यक्ती, तिचं मुलाशी नातं आणि रात्री कोण कुठे झोपतं, एवढं समितीपुढे गेलं नाही तर निर्णय अंदाजाने होतो.

मुलाच्या कपड्यांसाठी, जेवणासाठी, प्रवासासाठी तातडीची मदत लागते. समितीची शिफारस मिळाल्यावर ती रक्कम एका आठवड्यात द्यायची असते. शिफारस मागायलाच कुणाला सुचत नाही, म्हणून ती पहिल्याच दिवशी मागा. तपासात आणि खटल्यात मुलाच्या सोबत राहणाऱ्या सहाय्यक व्यक्तीचंही तसंच: तीही पहिल्याच दिवशी मागा.

सामाजिक तपासणी अहवालाला, म्हणजे मुलाच्या घरची आणि आसपासची परिस्थिती पाहून लिहिलेल्या अहवालाला, १५ दिवस असतात. तो फोनवरून लिहू नका. सरकारी गाडी गल्लीच्या तोंडाशीच थांबवा, चालत जा, आणि शेजाऱ्यांशी बोलताना ‘केस’ हा शब्द काढू नका. एका चौकशीने अख्ख्या वस्तीला कळलं तर त्या मुलाला शाळेत जाणं अवघड होतं.

वयाचा वाद निघाला तर क्रम कायद्यानेच ठरवलाय: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ च्या या यादीत आधार कार्ड नाही. दाखला शाळेत पडून असताना मुलाला एक्स-रेसाठी फिरवू नका.

मुलाची ओळख उघड करणाऱ्याला त्याच अधिनियमाच्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. बातमीदारांवर आपण लक्ष ठेवतो, पण नाव फुटतं ते आपल्याच टेबलावरून. पत्राच्या ‘विषय’ ओळीत नाव टाकलं की ते आवक-जावक नोंदवहीत उतरतं, तिथून शिपायाच्या, टंकलेखकाच्या नजरेला पडतं. विषयात फक्त प्रकरण क्रमांक लिहा, नाव आतल्या बंद लिफाफ्यात. आदेशाचा फोटो काढून कार्यालयाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची सवय असेल तर ती आजच बंद करा.