फ्रेंच राज्यक्रांतीची चांदीची नाणी घेताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त लोक फसतात ते हर्क्युलिसच्या ५ फ्रँकमध्ये. मधे हर्क्युलिस, एका बाजूला स्वातंत्र्य, दुसऱ्या बाजूला समता, असं नाणी कोरणाऱ्या ऑगस्टँ द्युप्रेचं देखणं डिझाइन, आणि विकणारा बिनधास्त 'फ्रेंच रेव्होल्युशन सिल्व्हर' म्हणून लावतो. पण हेच डिझाइन फ्रान्सने १८४८ मध्ये परत वापरलं, १८७० नंतर परत वापरलं, आणि १९६५ ते १९७३ च्या १० फ्रँकवर पण तेच आहे, वजनही तेच २५ ग्रॅम, चांदीही तीच ९०० ची (हजारात ९०० भाग). म्हणजे काट्यावर टाकून काहीच कळणार नाही, अक्षरंच वाचावी लागतात. क्रांतीकाळातल्या नाण्यावर मूर्तींच्या भोवती 'युनियों ए फोर्स' म्हणजे एकी आणि ताकद असं लिहिलेलं असतं, नंतरच्यांवर तिथे 'स्वातंत्र्य, समता, बंधुता' येतं. दोन सेकंदांचं काम आहे पण घाईत कोणी करत नाही आणि १८७३ चं साधं नाणं दुप्पट-तिप्पट पैसे देऊन घरी येतं.

दुसरा घोळ वर्षांचा. क्रांतिकारकांनी कॅलेंडरच बदललं त्यामुळे 'वर्ष ४' दिसलं की थांबा आणि पुढचं वाचा. राजाचा चेहरा असलेल्या एक्यूवर (६ लिव्हरचं मोठं चांदीचं नाणं, लिव्हर म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन) 'स्वातंत्र्याचं वर्ष ४' असेल तर ते १७८९ पासून मोजलेलं, म्हणजे १७९२. हर्क्युलिसच्या ५ फ्रँकवरचं 'वर्ष ४' मात्र प्रजासत्ताकाचं, म्हणजे सप्टेंबर १७९५ ते सप्टेंबर १७९६. आणि १७९३ साल घातलेलं सोळाव्या लुईचं नाणं बघून 'राजाला तर जानेवारीतच गिलोटिनवर चढवलं, मग हे खोटंच' असं ठरवू नका, तशी नाणी खरीच निघालेली आहेत.

आता ओरखडे. नाण्यावर समांतर बारीक रेषा दिसल्या की लोक 'डॅमेज' म्हणून सोडून देतात. त्या काळी टांकसाळीत चकतीचं वजन जास्त भरलं तर छापायच्या आधी कानशीने घासून बरोबर करायचे, त्या खुणा आहेत त्या. भिंगाखाली बघा, रेषा राजाच्या गालासारख्या उंच भागावर आणि काठाजवळ बऱ्याचदा टिकून राहतात आणि सपाट भागात छापाच्या दाबाने पुसट झालेल्या असतात. नंतर पडलेला ओरखडा उलट छापलेल्या चित्रावरून, अक्षरांवरून कापत जातो आणि त्याची कड धारदार असते. कानशीच्या खुणा असलेलं नाणं जरूर घ्या, किंमत थोडी कमी करून मागा.

आणि कृपा करून धुऊ नका!! आपल्याकडे चांदी काळी पडली की पितांबरी, चिंच, टूथपेस्ट, हात आपोआप जातो, देवघरातल्या भांड्यांना ते ठीक आहे. नाण्यावरचा करडा-काळा थर दोनशे वर्षांत तयार झालेला असतो, तो गेला की पृष्ठभाग खरवडलेला दिसतो आणि परत काही केल्या येत नाही. फक्त हिरवट चिकट काही लागलं असेल (मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवल्याने होतं ते) तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवा, चोळू नका. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात इतर गोष्टी असतात.

खोट्या नाण्यांसाठी लोहचुंबक पुरेसा नाही, पितळ-तांब्यालाही तो चिकटत नाही. एक्यू साधारण २९.५ ग्रॅम, ५ फ्रँक २५ ग्रॅम, थोडं झिजलेलं चालेल, तीन-चार ग्रॅम कमी असेल तर नको. कड नक्की फिरवून बघा, एक्यूच्या कडेवर राष्ट्र, कायदा, राजा या अर्थाची फ्रेंच अक्षरं असतात, ५ फ्रँकवर 'गारांती नास्योनाल' म्हणजे राष्ट्राची हमी. कड कोरी किंवा मधून जोड दिसतोय तर सरळ परत करा. वरच्या टोकाला कडी जोडायला डाग (सोल्डर) दिल्याची खूण आहे का तेही बघा, मोठ्या नाण्यांची पदकं भरपूर केली गेली आणि कडी काढून टाकली तरी तिथली अक्षरं बिघडलेलीच राहतात.

बजेट कमी असेल तर १५ आणि ३० सोलची (सोल म्हणजे लिव्हरचे सुटे) छोटी नाणी बघा, त्यावर देवदूत राज्यघटना लिहिताना आहे, फार सुंदर. फक्त सराफाने तपासून 'यात चांदी ६६ टक्केच आहे' असं सांगितलं तर घाबरून परत करू नका, ती दोन-तृतीयांश चांदीचीच पाडली होती.