‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हटलं की लवकर निघा

कोल्हापुरातून इंग्लंडला निघणाऱ्यांना जॅकेट कुठलं घ्यायचं आणि कांदा-लसूण चटणी किती बांधायची हे सांगणारे ढीगभर आहेत. ते त्यांनाच विचारा. सुट्टीला राजारामपुरीत आलो की सप्टेंबरला येणारी पोरं भेटायला येतात. त्यांचं इंग्रजी चांगलं असतं, आयईएल्ट्सचे गुणही भरपूर. तरी इथं इंग्लंडात आल्यावर वेळ ठरवताना अडकतात. ‘पोस्टपोन’, ‘कॅन्सल’ हे शब्द इथल्या लोकांना कळतात, पण बोलताना ते ‘पुट ऑफ’ आणि ‘कॉल ऑफ’ यांवरच भागवतात. ‘प्रीपोन’ मात्र विमानतळावरच सोडून या. तो शब्द आपल्या देशातला, इथं समोरचा नुसता बघत राहतो.

प्रीपोनच्या जागी इथं ‘ब्रिंग फॉरवर्ड’, आणि खरा घोळ तिथंच आहे. आपली मंडळाची मीटिंग पुढं गेली म्हणजे नंतर होणार. इथं ‘फॉरवर्ड’ आणली म्हणजे अलीकडं आली, ठरल्यापेक्षा लवकर होणार. ‘पुश बॅक’ किंवा ‘पुट बॅक’ ऐकून मागं आली असं वाटतं, प्रत्यक्षात ती लांबलेली असते. इचलकरंजीच्या एका पोराचा इंटरव्ह्यू अकराला होता. आदल्या दिवशी फोन आला, तासभर ‘ब्रिंग फॉरवर्ड’ केलाय. हा टाय बांधून बाराला हजर, म्हणजे दोन तास उशिरा. नोकरी गेलीच, पुढं चार महिने गोदामात रात्रपाळी केली. म्हणून परत सांगतो, ब्रिंग फॉरवर्ड म्हणजे लवकर. आणि फोन ठेवण्याआधी घड्याळातली वेळ समोरच्याच्या तोंडून वदवून घ्या. ‘सो, टेन ओक्लॉक?’ एवढं विचारायला लाज कसली?

‘मूव्ह फॉरवर्ड’ म्हटलं तर गोऱ्यांचंही एकमत नसतं. बुधवारची बैठक दोन दिवस ‘मूव्ह फॉरवर्ड’ केली तर ती कधी, हा प्रश्न संशोधकांनी अमेरिकेत अनेकांना विचारला. काही सोमवार म्हणाले, काही शुक्रवार. 2002 साली छापून आलेल्या एका अभ्यासात तर विमानतळावर नुकतेच उतरलेले प्रवासी जास्त करून शुक्रवार म्हणाले होते. तेव्हा असं कुणी म्हणालं की वार विचाराच.

घड्याळाचं मात्र आपल्यासारखंच. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते तासभर ‘पुट फॉरवर्ड’ करतात, म्हणजे काटा पुढंच जातो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तो मागं येतो. घरी फोन करताना उन्हाळ्यात साडेचार तास मिळवा, हिवाळ्यात साडेपाच. नाहीतर आईला झोपेतून उठवाल.

मीटिंग ‘रन ओव्हर’ झाली म्हणजे लांबली. माणूस ‘रन ओव्हर’ झाला म्हणजे गाडीखाली आला.

दवाखान्यातल्या बाईंनी ‘स्क्वीझ यू इन’ म्हटलं तर त्या तुम्हाला दोन पेशंटच्या मधे घुसवतायत, दहा मिनिटं आधीच जाऊन बसा. ‘पेन्सिल इन’ केलेली वेळ कच्ची असते, तिच्या भरवशावर रेल्वेचं तिकीट काढू नका. आणि बॉयलर बंद पडल्यावर घरमालक ‘आय विल गेट राउंड टू इट’ म्हणाला तर तो एवढ्यात येत नाही. गोड बोलून काम टाळण्यात ही माणसं पटाईत आहेत. त्याला लगेच ईमेल टाका, तारीख मागा.

आपली माणसंही कमी नाहीत. अंबाबाईचा किरणोत्सव सोडला तर आपल्याकडं ठरल्या मिनिटाला काय होतं? इथल्या मराठी कार्यक्रमाच्या पत्रिकेवर पाच लिहिलेलं असतं आणि समई साडेसहाला पेटते. तुम्ही सहाला गेलात तरी खुर्च्या मांडायला सापडाल. शेजारच्या इंग्रज आजीआजोबांना बोलवणार असाल तर त्यांना सरळ साडेसहाच सांगा, पाचला येऊन बिचारी कोट घालून बाहेर उभी राहतात.