जर्मनीत आल्यावर ई-सिम: भारतातला नंबर कुठे ठेवायचा, इथला कुठे

निघायच्या गडबडीत भारतातला नंबर ई-सिमवर, म्हणजे कार्डाऐवजी फोनमधल्याच चिपवर उतरवायच्या सिमवर, घेऊन टाकू नका. आमचा सल्ला उलटा आहे: भारतातला नंबर कार्डावरच राहू द्या, जर्मन नंबर ई-सिमवर घ्या. फोन बिघडला तर कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येतं. ई-सिम मात्र नव्याने उतरवून घ्यावं लागतं, आणि त्याची पडताळणी बहुधा त्याच बंद पडलेल्या नंबरवर एसएमएस पाठवून होते. इथे बसून ती गाठ सुटत नाही. शिवाय भारतात सिम बदललं की २४ तास एसएमएस बंद राहतात, म्हणजे बँकेचा ओटीपीही नाही.

कार्डाला सिम पिन, म्हणजे कार्ड उघडायचा गुप्त आकडा, मात्र लावाच. नाहीतर फोन चोरणारा कार्ड दुसऱ्या फोनमध्ये घालून तुमचे ओटीपी वाचू शकतो. आधीचा पिन कंपनीकडून नक्की करून मगच बदला. तीनदा चुकला की फोन पीयूके मागतो, म्हणजे अडकलेलं कार्ड उघडायचा कंपनीचा कोड. या लाइनचं डेटा रोमिंग बंद ठेवा आणि नंबर चालू राहील इतका रिचार्ज करत राहा.

जर्मन नंबरासाठी *#०६# दाबून बघा. ३२ आकडी ईआयडी, म्हणजे ई-सिमच्या चिपचा ओळख क्रमांक, दिसला तर फोनमध्ये ती चिप आहे. जुलै २०१७ पासून इथे प्रीपेड सिमही ओळख पटवल्याशिवाय चालू होत नाही. व्हिडिओ पडताळणीत काही ठिकाणी भारतीय पासपोर्ट चालत नाही. तेव्हा पोस्टआयडेंटचा (पोस्टात ओळख पटवून घ्यायच्या सेवेचा) कागद आणि पासपोर्ट घेऊन पोस्टात जा. ई-सिम वायफायवर उतरवा, मध्येच फोन बंद करू नका.

ई-सिम उतरवण्यासाठी कंपनी देते तो क्यूआर कोड म्हणजे नंबराची किल्ली. त्यात सर्व्हरचा पत्ता आणि सक्रियतेचा कोड असतो. जो आधी स्कॅन करेल, नंबर त्याच्या फोनवर जातो. म्हणून तो व्हॉट्सअॅपवर कुणालाही पाठवू नका, गॅलरीत ठेवू नका. ‘कंपनीतून बोलतोय, आलेला कोड सांगा’ असा फोन आला तर ठेवून द्या. कोड सहसा एकदाच चालतो, तेव्हा प्रोफाइल (फोनमध्ये उतरवलेलं ई-सिम) ‘डिलीट’ करण्याआधी नवा मिळेल का ते विचारा. थोडे दिवस नको असेल तर लाइन नुसती बंद करा.

ई-सिम घेतलं म्हणजे माग लागत नाही, हा समज चुकीचा आहे. कार्ड असो वा ई-सिम, नेटवर्कला तुमचा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि जवळचा टॉवर कळतोच. पहिल्या आठवड्यापुरतं प्रवासी ई-सिम घेतलंत तर त्याचा डेटा अनेकदा तिसऱ्याच देशातून फिरून येतो. आयपी पत्ता तिथला दिसतो आणि बँकेचं अॅप अडतं. बँकेचं काम वायफायवर करा.

फोन विकताना सगळं पुसाल तेव्हा ई-सिमही पुसायचं का, असं तो विचारतो. आधी नंबर नव्या फोनवर घ्या, त्यावर एक एसएमएस येऊ द्या, मग ‘हो’ म्हणा.