लॅसिकनंतर ‘दुखत नाही’ म्हणजे बरं झालं, असं धरून चालू नका

माझी धाकटी बहीण लॅसिकनंतर, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेसर शस्त्रक्रियेनंतर, तिसऱ्याच आठवड्यात संकेश्वरला सासरी मिरच्यांचे देठ खुडायला बसली. सासूबाई, जावा, सगळ्यांच्या डोळ्यांतून धारा. हिला काहीच नाही. ‘डोळे एकदम भक्कम झाले बघ,’ असं मला फोनवर सांगत होती. बेळगावात तपासणीला आली तेव्हा डॉक्टरांनी डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या उजेडात पाहिलं. कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, बारीक ओरखडे होते आणि तिला त्यांचा पत्ताच नव्हता.

या पडद्यात मज्जातंतूंचं जाळं कातडीपेक्षा कितीतरी दाट असतं. लॅसिकमध्ये त्याचा साधारण १०० ते १२० मायक्रॉन (मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग) जाडीचा पापुद्रा उचलतात. त्याच्या बिजागरीकडचे, म्हणजे जोडलेल्या राहिलेल्या बाजूचे, तंतू वाचतात, बाकीचे कापले जातात. नजर दुसऱ्या दिवशी साफ होते. संवेदना परतायला मात्र ६ महिने ते वर्ष लागतं आणि तंतूंची दाटी भरून यायला काही वर्षं. हेच तंतू अश्रूंना आणि पापणीला हाक देतात, वरच्या पेशींचं पोषणही राखतात. म्हणून या काळात डोळा कोरडा पडतो, आणि बधिर असल्यामुळे तक्रारही करत नाही.

म्हणून कृत्रिम अश्रूंचे थेंब ‘चुरचुरलं की घालीन’ म्हणून ठेवू नका. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी घाला. दिवसातून बऱ्याचदा घालायचे असतील तर प्रिझर्वेटिव्ह (थेंब टिकवणारं रसायन) नसलेले मागा, कारण ते रसायनच नाजूक पेशींना जाचतं. डोळ्यातून पाणी येतंय म्हणून थेंब बंद करणं हीही चूकच. कोरडेपणातसुद्धा डोळा असा पाझरतो.

चष्मा गेला तशी डोळ्यावरची ढालही गेली, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. उद्यमबागेतल्या कारखान्यात ग्राइंडरवर काम असेल, निपाणीत तंबाखूची धूळ असेल किंवा रोज दुचाकीवरून खानापूरला जाणं असेल, तर बिननंबरचा का होईना, चष्मा लावाच. डोळे चोळणं बंद.

औषधाच्या दुकानातून ‘मागचेच थेंब द्या’ म्हणून स्टेरॉइडचे (सूज उतरवणारे) थेंब परत आणू नका. त्याने डोळ्यातला दाब वाढू शकतो, जंतुसंसर्ग झाकला जाऊ शकतो. बधिर करणारे थेंब तर घरी चुकूनही नकोत. ते जखम भरूच देत नाहीत. मध, गुलाबपाणी, तूप डोळ्यात घालू नका, हे वेगळं सांगायला नको.

काहींचं या बधिरपणाच्या उलट होतं. तपासणीत डोळा ठीक दिसतो, पण आग, टोचणी, उजेड सहन न होणं महिनोन्महिने चालू राहतं. तंतू जुळताना बिघडले की असं दुखणं उरतं. अशा माणसाला घरचे ‘मनाचे खेळ’ म्हणतात, याचं मला फार वाईट वाटतं. दवाखान्यात बधिर करणारा थेंब घालूनही आग कमी झाली नाही, तर दुखण्याचं मूळ डोळ्याच्या पृष्ठभागापलीकडे असू शकतं. कॉर्नियाच्या तज्ज्ञांकडे जा, ‘हे मज्जातंतूंचं दुखणं आहे का’ असं स्पष्ट विचारा. स्वतःच्याच रक्तातून तयार केलेले सीरमचे (रक्तातल्या पातळ भागाचे) थेंब काहींना उपयोगी पडतात.

आणि उसाचा पाला किंवा लेकराचं बोट डोळ्याला लागलं, नजर अचानक धुरकटली, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. तो पापुद्रा काही वर्षांनीसुद्धा सरकू शकतो.