शिरेकाठी घर पुन्हा बांधायचं तर आधी पाण्याची खूण बघा

मी मूळची सांगलीची, सिव्हिल इंजिनिअर. आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या दक्षिणेला, शिरे नदीच्या काठी, चिक्वावा जिल्ह्यात पूरग्रस्तांची घरं बांधायच्या कामावर आहे. मार्च 2019 च्या इडाई वादळानंतर आम्ही बांधलेली कितीतरी घरं जानेवारी 2022 मध्ये ॲना वादळाच्या पुरात बसली. मग मार्च 2023 मध्ये फ्रेडी. चूक आमचीच होती. पडलं त्याच जागी, नुसत्या मातीच्या गाऱ्यात पुन्हा उभं केलं होतं. इकडे कामाला येणाऱ्यांनी ती करू नये म्हणून हे लिहिते.

आल्या आल्या टेप काढू नका. गावातल्या म्हाताऱ्या बाईला, इथे अगोगो म्हणजे आजी म्हणतात, विचारा की पाणी कुठवर आलं होतं. एका अगोगोने मला आंब्याच्या झाडापाशी नेलं आणि खोडावर हात टेकवला, माझ्या खांद्याइतक्या उंचीवर. चढावर दोनशे पावलं गेल्यावर तोच हात गुडघ्यावर आला. गुडघाभर पाण्याच्या जागी जोतं त्या खुणेच्या वीतभर वर घ्या. कंबरेच्या वर पाणी चढलं असेल तर जोतं वाढवण्यात पैसा घालू नका, जागाच बदला. जमीन गावप्रमुखाच्या संमतीने मिळते, तेव्हा त्याच्याकडे जाताना घरच्या लोकांना सोबत घ्या.

‘हे लोक नदी सोडत का नाहीत?’ असं मला सांगलीहून फोनवर विचारतात. आपण कृष्णाकाठ सोडला का? इथे नदीकाठच्या ओलीवर पावसाळा संपल्यावर जे शेत होतं त्याला दिंबा म्हणतात. पावसाचा मका बुडाला की वर्षाचं पोट त्याच्यावर. म्हणून घर वर न्या, पण दिंब्याच्या वाटेने चालत जाता येईल इतकंच वर. फार लांब बांधलेली घरं रिकामी पडतात, माणसं परत खाली झोपड्या घालतात.

पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल. त्यामुळे विटा मे-जूनमध्ये पाडायच्या, सावलीत वाळवायच्या आणि ऑक्टोबरअखेर छप्पर चढलंच पाहिजे.

खरा जीव भिंतीच्या तळच्या तीन फुटांत असतो. पुरात भिंत ढकलून कमी पडते, तळाशी विरघळून जास्त. पाणी ओसरल्यावर कच्च्या विटेत बोट घाला, चहात भिजलेल्या बिस्किटासारखं आत जातं. म्हणून पाया भिंतीच्या दुप्पट रुंद, आणि तळचे तीन फूट भाजक्या विटांचे, सहा घमेली वाळूला एक घमेलं सिमेंट अशा मालात. जोत्यावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरून मगच भिंत उचला, म्हणजे ओल वर चढत नाही. वरची भिंत कच्च्या विटेची, वारुळाच्या मातीच्या गाऱ्यात चालते. सगळं घर भाजक्या विटेचं करायचा हट्ट मला पटत नाही. भट्टीला झाडं जातात, आणि उघड्या टेकड्यांवरून पाणी आणखी जोरात खाली येतं.

वीट घेताना दोन विटा एकमेकींवर आपटा. खणखणीत आवाज हवा. एक रात्रभर बादलीत बुडवून ठेवा. सकाळी कोपरे शाबूत असतील तरच ट्रक उतरवा.

बांधताना सांधमोड चुकू देऊ नका, म्हणजे उभे सांधे एकावर एक येऊ देऊ नका, विशेषतः कोपऱ्यात. ओळंबा रोज लावा. दार-खिडकी कोपऱ्यापासून तीन फूट दूर. छप्पर दोनपाखीपेक्षा चौपाखी बरं, वाऱ्याला कमी अडतं. वाशांना बांधायची तार भिंतीत चार-पाच थर खालपासून ओवून आणा. वरच्या विटेला गुंडाळलेली तार वादळात विटेसकट उडते. वळचण दोन फूट बाहेर काढा, पागोळ्या भिंतीच्या पायाशी पडता कामा नयेत. घराभोवतीचा ओटा, इथलं खोंडे, बाहेर उतार देऊन धुमसाने ठोकून घ्या.

शेवटी आत एक माळा. तो बियाण्याच्या मक्यासाठी आणि कागदपत्रांसाठी, माणसांसाठी नाही. हे घरच्यांना दोनदा सांगा. पाणी दिंब्यात शिरलं की मुलांना घेऊन चढावर निघायचं. शिडी मात्र घरातच ठेवायला सांगा. बाहेर टेकवलेली शिडी पुराबरोबर जाते, आणि परत आल्यावर बियाणं काढायला काही राहत नाही.