बीपी आणि मॅग्नेशियम: बाटली आणण्याआधी या चुका टाळा

पुण्यात तळजाई टेकडीवर सकाळी फिरणाऱ्या मंडळींत हल्ली गुडघ्यांइतकीच मॅग्नेशियमची चर्चा असते. "अहो, तुमचं मॅग्नेशियम कमी पडतंय, म्हणून बीपी वाढतंय," असं कुणीतरी ठासून सांगतं आणि संध्याकाळी घरात मॅग्नेशियमच्या गोळ्यांची बाटली येते. यात तथ्य अगदीच नाही असं नाही. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल राहायला मॅग्नेशियम मदत करतं. पण किती? २०१६ मध्ये ३४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा वरचा आकडा सरासरी २ ने उतरलेला दिसला. म्हणजे १६० चे १५८.

तेवढ्यावर बीपीची गोळी परस्पर बंद करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. अम्लोडिपिनसारख्या गोळीचा अंमल बंद केल्यावरही दोन-तीन दिवस रेंगाळतो. त्या दिवसांत आकडा बरा दिसतो, श्रेय बाटलीला जातं आणि पुढच्या आठवड्यात बीपी पुन्हा चढतं.

रक्तातल्या मॅग्नेशियमचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. शरीरात साधारण २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं. त्यातलं निम्म्याहून जास्त हाडांत, आणि रक्तद्रवात १ टक्क्याहूनही कमी. साठा घटत असला तरी हाडं आणि मूत्रपिंडं रक्तातली पातळी बराच काळ सावरून धरतात. उलट रिपोर्टमध्येच कमी दिसलं, तर ते मनावर घ्यायला हवं. सोबत पोटॅशियमही तपासून घ्या, कारण मॅग्नेशियम कमी असेल तर पोटॅशियम काही केल्या वर येत नाही.

आता खरी मेख. मॅग्नेशियम कमी का झालं, हे कुणी विचारतच नाही. उत्तर बरेचदा औषधांच्या डब्यातच असतं. तुमच्या बीपीच्या गोळ्यांच्या पट्टीवर नावापुढे 'एच' आहे का बघा. बहुधा तो हायड्रोक्लोरोथायाझाइडचा असतो. 'सीटी' असेल तर क्लोरथॅलिडोन. ही लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारी औषधं. त्यांच्यासोबत मॅग्नेशियमही वाहून जातं. त्याच डब्यात पित्ताची गोळी असते, पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल. डॉक्टरांनी दोन-चार आठवड्यांसाठी दिलेली, आणि आपण चहाआधी ती वर्षानुवर्षं घेतोय. दीर्घकाळ, विशेषतः वर्षाहून जास्त घेतल्यास मॅग्नेशियम घटू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०११ मध्येच दिला होता. त्यात शुगर हाताबाहेर असेल किंवा रोजची दारू असेल, तर गळती आणखी वाढते. यातली कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने सोडू नका. मिसळीनंतर जळजळतं म्हणून घेतलेलीसुद्धा सांगा, आणि सगळ्या पट्ट्या पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ठेवा.

बाटली घ्यायचीच असेल, तर आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी, बघून घ्या. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॅग्नेशियम अंगात साठतं. मग बीपी नको तितकं पडतं, गळून गेल्यासारखं होतं, ठोके बिघडतात. लेबलवरचा आकडाही फसवा असतो: मॅग्नेशियम सायट्रेटच्या ५०० मिलिग्रॅममध्ये प्रत्यक्ष मॅग्नेशियम जेमतेम ८० असतं. ऑक्साइडमध्ये ते भरपूर, पण अंगी कमी लागतं आणि जुलाब मात्र होतात. थायरॉइडची गोळी आणि मॅग्नेशियम यांत चार तासांचं अंतर ठेवा. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच घ्या.

खाण्याचं सांगायचं तर बाजरी, नाचणी, तीळ, शेंगदाणे, हरभरे, पालक, भोपळ्याच्या बिया. हे सगळं मंडईत मिळतं आणि बाटलीपेक्षा स्वस्त पडतं. फक्त भाकरीसोबत लोणचं, पापड आणि वर फरसाण घेतलं तर मीठच जिंकतं. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे जेमतेम एक चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात लोणचं-पापडातलंही आलंच.

आणि पर्वती चढून आल्या आल्या बीपी मोजून घाबरू नका. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, न बोलता बसा. पट्टा उघड्या दंडावर, हात हृदयाच्या पातळीला. एका मिनिटाने पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. मात्र १८०/१२० च्या वर आकडा असेल आणि छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा बोलताना जीभ अडखळत असेल, तर पुन्हा पुन्हा मोजत बसू नका. १०८ ला फोन करा.